प्रकाशतलवार : खरी परीक्षा मुठीतील सेलची

जळगाव, प्रतिनिधी

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर अंधार होतो. निळ्या प्रकाशाची तलवार लखलखते आणि तिचा घुमणारा आवाज सभागृहात भरून राहतो. योद्धा तलवार उगारतो आणि त्याच क्षणी प्रकाश मंदावतो. आवाज अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि अखेर दोन्ही बंद पडतात. समोर हशा पिकतो आणि तलवार धरणारा दहा वर्षांचा मुलगा विंगेकडे पाहत उभा राहतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी तयार झालेल्या तलवारीची काही वर्षांपूर्वी हीच गत झाली. नंतर मूठ उघडून पाहिली, तेव्हा एकही वायर तुटलेली नव्हती, दिवे शाबूत होते आणि बॅटरी तर आदल्याच दिवशी आणलेली होती. दोष सेलच्या निवडीत होता.

गणेशोत्सवातील सजीव देखावे, शाळांची स्नेहसंमेलने, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ महोत्सव अशा निमित्तांनी खान्देशात नाट्यसाहित्य घरीच बनवण्याचा उद्योग वर्षभर सुरू असतो. धुळ्याहून महामार्गाने तासाभराच्या अंतरावरील मालेगावात यंत्रमाग कामगार आणि छोट्या दुकानदारांनी तुटपुंज्या साधनांत सिनेमे काढले. त्यांच्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि २०२५ मध्ये त्याच विषयावरील हिंदी चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. हाताशी असेल त्यातून हवे ते घडवण्याची ही वृत्ती या पट्ट्याला नवी नाही. प्रकाश आणि ध्वनी देणारी तलवार हे त्याच वृत्तीचे आजचे रूप. तिच्यासाठी लागणारे सुटे भाग जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या संकुलात किंवा धुळ्याच्या आग्रा रोड परिसरात शोधता येतात; एखादा भाग तेथे मिळाला नाही, तर टपालाने मागवता येतो. कोणता भाग का घ्यावा, हे मात्र दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ती माहिती येथे देत आहोत.

मूठ म्हणजे सेलचा डबा

या तलवारीचे मूळ १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात आहे. चित्रपटाचे नेपथ्य सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधील छायाचित्रण साहित्याच्या दुकानात जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार एके काळी याच मुठी हातात धरून फ्लॅशचे बल्ब उडवत. मुठीच्या नळीत जाडजूड सेल बसत आणि बल्ब पेटवण्यासाठी लागणारा विजेचा झटका तेच देत. जगातील सर्वांत गाजलेल्या प्रकाशतलवारीची मूठ मुळात सेलचा डबा होती, ही बाब घरी तलवार बनवणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावी.

चित्रपटातील पात्याचा प्रकाश पुढे चित्रफितीवर हाताने चढवण्यात आला. तलवारीचा तो प्रसिद्ध घुमार ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची गुणगुण आणि दूरचित्रवाणी संचाची घरघर एकत्र करून घडवला. आपल्याला मात्र प्रकाश आणि आवाज दोन्ही एकाच वेळी, एकाच मुठीतून आणि तेही प्रेक्षकांसमोर काढायचे असतात. साहजिकच सारा भार सेलवर येतो.

आधी भार मोजा

बहुतेकांची सुरुवात सेलपासून होते. घरात जो सेल असेल त्याला दिवे जोडले जातात. क्रम याच्या उलट हवा. आधी भार मोजावा, मग सेल निवडावा.

पात्यासाठी आजमितीस सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे पाच व्होल्टवर चालणारी एकरंगी एलईडी पट्टी. मीटरमागे ६० दिवे असलेली साधी पट्टी सुमारे एक अँपिअर प्रवाह घेते. पाते ८० सेंटिमीटर लांब असेल आणि पट्टी एकाच बाजूने लावली, तर ०.८ अँपिअर लागतो. दोन्ही बाजूंनी उजेड हवा असेल, तर पाठीला पाठ लावून दोन पट्ट्या बसवाव्या लागतात आणि भार १.६ अँपिअरवर जातो. प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्यांतील एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. म्हणजे ६० दिव्यांचा भार ३.६ अँपिअर होतो. पहिल्या तलवारीसाठी या पट्टीच्या वाटेला न जाणे बरे.

आवाजासाठी मेमरी कार्डवरील ध्वनी वाजवणारे अंगठ्याएवढे मॉड्यूल मिळते. डीएफ-प्लेअर या नावाने ते विक्रेत्यांना परिचित आहे. ते ३.२ ते ५ व्होल्टवर चालते आणि लहान स्पीकर थेट वाजवते. सरासरी प्रवाह एक-दोन दशांश अँपिअर एवढाच असला, तरी ‘खणण्’ असा ठोका वाजताना तो क्षणभर बराच वाढतो. हा क्षणिक भार ध्यानात ठेवून एकूण हिशेब करावा. एका पट्टीच्या तलवारीला सुमारे एक ते सव्वा अँपिअर आणि दोन पट्ट्यांच्या तलवारीला सुमारे दोन अँपिअर लागतात.

चौकोनी बॅटरीचा मोह

आमच्या तलवारीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी होती. आकाराने छोटी, व्होल्टेज भरपूर, पुढे पाच व्होल्ट करून देणारे सर्किटही जोडलेले. कागदावर सारे बरोबर होते. परंतु व्होल्टेज म्हणजे ताकद नव्हे. टाकी कितीही उंचावर असली आणि तिला दाभणाएवढेच छिद्र असले, तर बादली भरायला वेळ लागणारच. चौकोनी बॅटरीच्या आत सहा अगदी लहान सेल असतात. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोठा प्रवाह मागताच व्होल्टेज कोसळते. अल्कलाइन प्रकारातही तिची क्षमता जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास असते. धूर ओळखणारे यंत्र किंवा मल्टिमीटर यांसाठी ती योग्य. दिव्यांच्या पट्टीसाठी नव्हे. प्रकाश मंदावणे आणि ध्वनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणे हे दोन्ही याच कोसळण्याचे परिणाम. व्होल्टेज क्षणभर खाली गेले की मॉड्यूल बंद पडते आणि वर आले की नव्याने सुरू होते.

कोणता सेल कशासाठी

भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो साधा जस्त-कार्बन सेल स्वस्त असला, तरी मोठ्या प्रवाहाला लगेच दमतो. तलवारीसाठी तो बाद समजावा.

अल्कलाइन सेल त्याहून बरा. पेन्सिल सेलच्या आकारात त्याची क्षमता कागदावर २,००० मिलिअँपिअर-तासांहून जास्त असते. मात्र ही क्षमता संथ वापरासाठी मोजलेली असते. एक-दोन अँपिअर खेचल्यास त्यातील मोठा वाटा हाती लागतच नाही. एकाच प्रयोगापुरती तलवार हवी असेल आणि पट्टी एकच असेल, तर अल्कलाइन सेल चालतील. ते तीनच जोडावेत. नव्या चार सेलचे व्होल्टेज सहाच्या वर जाते आणि पाच व्होल्टच्या भागांना ते मानवत नाही. तिघांचे साडेचार व्होल्ट पुरेसे आहेत.

घरगुती तलवारीसाठी सर्वांत निर्धोक निवड म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे, पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल. प्रत्येकी १.२ व्होल्ट, चारांचे ४.८. पाच व्होल्टच्या पट्टीला हे अगदी जवळचे. त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने दोन अँपिअर मागितले तरी व्होल्टेज फारसे ढळत नाही. २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल दोन अँपिअरच्या भाराला पाऊण तासाहून थोडे अधिक पुरतात. एकांकिकेला एवढे पुष्कळ. चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकत्रच चार्ज केलेले असावेत. जुना-नवा सेल एकत्र केल्यास दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात.

लिथियमचे आकर्षण आणि खान्देशचे ऊन

तिसरा पर्याय लिथियम-आयनचा. बाजारात ‘अठरा-सहाशेपन्नास’ म्हणून ओळखला जाणारा, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल. त्याचे व्होल्टेज ३.६ ते ३.७ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ असते. २,६०० मिलिअँपिअर-तासांच्या एका सेलमध्ये सुमारे ९.४ वॅट-तास ऊर्जा असते. वर सांगितलेल्या चार पेन्सिल सेलमध्ये मिळून ९.६ वॅट-तास भरते. ऊर्जा जवळपास सारखीच, पण लिथियमचा एक सेल पन्नास ग्रॅमच्या आत आणि चार पेन्सिल सेल शंभर ग्रॅमच्या वर. मूठ बारीक आणि हलकी होते, म्हणून जाणकार त्याकडे वळतात.

हाच सेल चुकला तर पेटतो. जळगाव, भुसावळ, धुळे या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. लिथियम सेल चार्ज करताना त्याचे तापमान सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा उत्पादक घालतात. पत्र्याच्या छताखालची खोली, दुचाकीची डिकी, उन्हात उभी मोटार या ठिकाणी ही मर्यादा सेल चार्जिंगला लावण्यापूर्वीच ओलांडलेली असते. उन्हाळी शिबिरासाठी तलवार करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दुसरी खबरदारी खरेदीची. ९,९०० मिलिअँपिअर-तास असे ठळक छापलेले सेल स्वस्तात मिळतात. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता आजही ३,५०० च्या आसपासच आहे. त्याच्या तिप्पट आकडा छापणारा विक्रेता बाकी कशाबद्दल खरे सांगेल, याचा ग्राहकाने विचार करावा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सुटे सेलही टाळावेत. त्यांचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. लिथियम वापरायचाच असेल, तर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह असलेला सेल, अतिचार्ज आणि लघुपरिपथ रोखणारे संरक्षक सर्किट आणि त्याच सेलसाठी बनवलेला चार्जर या तिन्ही गोष्टी हव्यात. चार्जिंग जागेपणी, फरशीवर आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. लहान मुलाच्या हातात द्यायच्या तलवारीत लिथियम नकोच.

शुभेच्छापत्रातील आवाजाचे सर्किट काढून तलवारीत बसवण्याची युक्ती काही जण करतात. त्यात बटणाएवढे सेल असतात. असा सेल, विशेषतः वीस मिलिमीटरचा लिथियम सेल, मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता तात्काळ रुग्णालय गाठावे. ज्या घरात तान्ही मुले आहेत, तेथे स्क्रूने बंद न होणारी बटण-सेलची खेळणी असूच नयेत.

वायर : जाडीचे गणित

सेल योग्य निवडूनही वायर चुकली तर प्रकाश मंदच राहतो. तांब्याची ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर मीटरला सुमारे ०.०३५ ओहम रोध करते. जाऊन-येऊन दोन मीटर वायर आणि दोन अँपिअर प्रवाह धरल्यास ०.१४ व्होल्ट वाया जातात. इअरफोनसारख्या ०.०८ चौरस मिलिमीटरच्या वायरीत याच हिशेबाने जवळपास ०.९ व्होल्ट हरवतात. पाचातील एक व्होल्ट वाटेतच गेल्यावर निळा दिवा फिका पडणारच.

म्हणून दिव्यांसाठी ०.५ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची लवचिक वायर घ्यावी. एकाच जाड तारेची वायर तलवार फिरवताना वाकून वाकून आतून तुटते आणि वरच्या आवरणामुळे ते दिसत नाही. एलईडी पट्टीवरील तांबेही पातळ असते. तेव्हा वायरची एक जोडी पात्याच्या टोकापर्यंत नेऊन पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यावी. टोकाकडचा काळवंडलेपणा जातो. धनासाठी लाल, ऋणासाठी काळी, हा संकेत घरच्या कामातही मोडू नये.

सेलच्या धन टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर तीन अँपिअरचा काचेचा फ्यूज बसवावा. मुठीत वायर घासून लघुपरिपथ झाला, तर पेन्सिल सेलही वायरचे आवरण वितळवण्याइतका प्रवाह देऊ शकतात. स्विचवर किमान तीन अँपिअर छापलेले असावे. खेळण्यातील चिमुकले बटण एवढा प्रवाह सोसत नाही. सेलवर थेट डाग देऊ नये, सेलचा डबा वापरावा. जोडांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि वायर जेथे मुठीतून पात्यात जाते, तेथे गाठ मारून गरम गोंदाने पक्की करावी. ओढ जोडावर न येता गाठीवर येते.

आवाज अडखळू नये म्हणून

प्रकाश आणि ध्वनी एकाच सेलवर असले, तरी त्यांची वाट वेगळी हवी. स्विचनंतर दोन फाटे काढावेत. एक थेट पट्टीकडे. दुसऱ्या फाट्यात १एन-४००७ क्रमांकाचा डायोड घालून पुढे ध्वनी मॉड्यूल जोडावे आणि मॉड्यूलच्या धन-ऋण टोकांमध्ये १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. काही रुपयांच्या या दोन भागांनी तीन कामे होतात. नुकत्याच चार्ज केलेल्या चार सेलचे व्होल्टेज साडेपाचाच्या वर असते. डायोड त्यातील सुमारे ०.७ व्होल्ट कमी करून मॉड्यूलला मर्यादेत ठेवतो. घाव बसताना सेल डब्याच्या स्प्रिंगवरून क्षणभर सुटतो, तेव्हा कपॅसिटर मॉड्यूलला तेवढा वेळ तगवतो. आणि तो साठा उलट फिरून पट्टीत जाऊ नये, याची काळजी पुन्हा डायोडच घेतो. कपॅसिटरची ऋण बाजू अंगावरील पट्ट्याने दाखवलेली असते. तो उलटा जोडू नये.

मॉड्यूलची आणि पट्टीची काळी वायर वाटेत एकत्र न करता दोन्ही स्वतंत्रपणे सेलच्या ऋण टोकापर्यंत आणाव्यात. नाहीतर दिव्यांच्या प्रवाहाची किरकिर स्पीकरमध्ये ऐकू येते. स्पीकर आठ ओहमचा, २८ ते ४० मिलिमीटरचा घ्यावा आणि मुठीच्या तळाशी तोंड बाहेर करून बसवावा. त्याची मागची बाजू बंद झाली की आवाज भरदार येतो. ध्वनी बदलण्यासाठी अंगठ्याखाली एक साधे बटण मॉड्यूलच्या ‘आयओ-२’ आणि ऋण टोकांमध्ये जोडावे. प्रत्येक दाबाला कार्डवरील पुढचा ध्वनी वाजतो. हादऱ्याने आपोआप वाजणारी रचनाही करता येते, परंतु सरावाशिवाय ती रंगमंचावर नेऊ नये.

मुठीचा व्यास

पीव्हीसी पाइपासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात मुठीचे साहित्य मिळण्याची अडचण नाही. पेन्सिल सेलचा व्यास १४.५ मिलिमीटर असतो. चार सेल जुडीने ठेवल्यास ३५ मिलिमीटरची पोकळी लागते आणि ४० मिलिमीटरचा पाइपही जेमतेम पुरतो. त्याऐवजी दोन सेल शेजारी आणि दोन त्यांच्या मागे अशी लांबट मांडणी करावी. लहान मुलाच्या तळव्याला ४० मिलिमीटर जाड वाटत असेल, तर १०.५ मिलिमीटरचे बारीक सेल घ्यावेत. त्यांची जुडी ३२ मिलिमीटरच्या पाइपात मावते. त्यांची क्षमता सुमारे ८०० मिलिअँपिअर-तास, म्हणून पट्टी एकच लावावी आणि अर्ध्या तासाचा हिशेब धरावा. सेलभोवती फोमचा तुकडा घट्ट बसवल्यास हादऱ्याने संपर्क तुटत नाही.

मंडळांच्या देखाव्यासाठी

गणेशोत्सवातील मूर्तीच्या हातातील तलवार रोज पाच तास चालायची असते. दोन अँपिअरच्या भाराने हे रोजचे दहा अँपिअर-तास होतात. येथे सेलचा हट्ट सोडून पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा प्रमाणित अडॅप्टर वापरावा. अडॅप्टर कोरड्या, उंच जागी ठेवावा. तेथून तलवारीपर्यंत पाच मीटर वायर न्यायची असेल, तर ती १.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी, ०.५ च्या वायरीत याच अंतराला सुमारे ०.७ व्होल्ट जातात, १.५ च्या वायरीत पाव व्होल्टहून कमी. घरगुती २३० व्होल्टची वायर मूर्तीच्या हातापर्यंत नेऊ नये. भाद्रपदातील पावसाची सर मांडवात कधी शिरेल, याचा नेम नसतो.

निकामी सेल कोठे टाकावेत, हाही प्रश्न उरतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलकाकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देणे अपेक्षित आहे. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि कोणताही सेल शेकोटीत टाकू नये.

प्रयोगापूर्वीची तपासणी

- सेल आदल्या रात्री चार्ज करावेत आणि एक भरलेला संच विंगेत ठेवावा.
- तलवार सलग वीस मिनिटे चालू ठेवून सेल, स्विच आणि जोड हाताने तपासावेत. कोमट लागल्यास हरकत नाही; चटका बसल्यास वापर थांबवावा.
- पूर्ण आवाज आणि पूर्ण प्रकाश एकत्र लावून दहा वेळा तलवार आपटावी. ध्वनी पहिल्यापासून सुरू झाला, तर सेलचा संपर्क आणि कपॅसिटरचा जोड पाहावा.
- प्रयोग संपताच सेल बाहेर काढून ठेवावेत.

आमच्या घरातील त्या तलवारीत पुढे चार पेन्सिल सेल, एक डायोड आणि एक कपॅसिटर गेला. पाते तेच राहिले, दिवेही तेच. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ती शेवटच्या घावापर्यंत घुमत राहिली. विंगेत ठेवलेला दुसरा संच तसाच घरी परत आला.